पेटीच्या झाकणातली जाहिरात

६ जानेवारी

दादा,

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. तुझं फुगणं मी लहानपणापासून बघतेय, आता त्रेसष्टाव्या वर्षी ते शोभत नाही.

इकडे दुकानावर संकट आलंय. बाबांचं दुकान गेल्यावर लग्नानंतर आम्ही हे काढलं, तेव्हा परवाना ह्यांच्या नावावर घेतला होता. ते गेल्यावर तो माझ्या नावावर व्हावा म्हणून मी अर्ज केला. बंदुका दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर कार्यालयातले कारकून आधी हसले, पण कामाचा नमुना दाखवल्यावर त्यांनी अर्ज घेतला. मग नवे अधिकारी आले. त्यांनी बाबांची चाळीस वर्षांपूर्वीची फाइल उकरून काढली. तीत लिहिलंय, 'अपघातास दुकानदार सर्वस्वी जबाबदार.' अशा माणसाच्या वारसाला परवाना मिळत नाही म्हणे. वीस मार्चला सुनावणी आहे. त्या दिवशी बाबांच्या नावावरचा डाग पुसला गेला नाही, तर मार्चअखेर दुकानाला कुलूप. मला दुसरं काही येत नाही रे. या वयात मी काय करू, लोकरीचे मोजे विणू?

आता खरी बातमी. ज्या पशुवैद्यांच्या हातात ती दुनळी बंदूक फुटली, ते गेल्या महिन्यात वारले. त्यांची मुलगी काल दुकानात आली. माळ्यावर पडलेली बंदुकीची पेटी घेऊन आली होती. म्हणाली, "बाबांनी ही चाळीस वर्षांत उघडली नाही. तुम्हीच ठेवा." मी उघडली. आत तीच बंदूक. डावी नळी केळीच्या सालीसारखी उलगडलेली. उजवी मात्र अशी ठणठणीत, की तेलाचा हात फिरवला तर उद्या बार काढावा.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक जाहिरात चिकटवलेली आहे! वर अख्ख्या बंदुकीचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'आजोबांची बंदूक, नव्या दमाची काडतुसं'. बाबा चौकशीत पहिल्या दिवशी हेच सांगत होते ना, की जुन्या नळीत नवी दारू चालते असं छापून आलं होतं? कुणी ऐकलं नाही, कारण कागद सापडला नाही. तो हाच असणार!

फक्त तारीख नाही. मासिकाचं नाव कडेने कापलेलं आहे. तू बंदुकीच्या जुन्या जाहिरातींचा एवढा मोठा संग्राहक, तुझ्याइतकं हे कुणाला कळणार? अपघाताच्या आधीची आहे एवढं लिहून दे. मग बघते त्या अधिकाऱ्याकडे.

तुझी ठकी

---

१५ जानेवारी

प्रिय ठकी,

पत्र वाचून काळजी वाटली. तू धीर सोडू नकोस.

जाहिरातीबद्दल सांगतो. तू नुसतं वर्णन केलंस, पण तेवढंही मला पुरतं. माझ्या संग्रहात त्या काळातल्या चारशेच्या वर जाहिराती आहेत. 'मुलाला द्या, नातवाला द्या, गंज देणार नाही' इथपासून 'आमची बंदूक विकत घ्या, पुन्हा आमचं तोंड बघावं लागणार नाही' इथपर्यंत. त्या वेळचे लोक टिकाऊपणावरच माल विकत. गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. ज्या पेढ्यांनी त्या जाहिराती दिल्या त्या बुडाल्या, मासिकं बंद पडली, छापणारे गेले, आणि बंदुका अजून चालतात. एप्रिलमध्ये संग्राहक मंडळ माझ्या संग्रहाचं प्रदर्शन भरवतंय, त्याच्या प्रास्ताविकात मी हेच लिहिलं आहे.

पण मुद्द्याचं. ही जाहिरात मला ओळखीची आहे. ती अपघातानंतर दोन वर्षांनी निघाली. त्या धाटणीची अक्षरं त्याआधी वापरात नव्हती. म्हणजे तुझ्या काही उपयोगाची नाही. सुनावणीत दाखवलीस तर अधिकारी म्हणतील, बाई खोटा पुरावा घेऊन आल्या. आहे ते संकट दुप्पट होईल.

तेव्हा ती माझ्याकडे पाठव. माझ्या संग्रहात ती नीट राहील. तुझ्या बाजूने मी अधिकाऱ्यांना एक चांगलं पत्र लिहितो, मंडळाच्या कागदावर.

तुझा
दादा

---

२४ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, कारण घरी बसून तरी कुणाशी भांडणार?

तू म्हणतोस म्हणजे असेल. तुझ्या ज्ञानापुढे मी कोण. पण मग पशुवैद्यांनी हात गमावल्यावर दोन वर्षांनी ती जाहिरात पेटीत का चिकटवली असेल? ज्या हाताने नळी धरली तो डावा हात मनगटापासून गेला. कुणी अशी आठवण हौसेने चिकटवतं का? माणसांचं काही सांगता येत नाही म्हणा.

मी ती बंदूक पूर्ण खोलली. फुटकी नळी आतून भिंगाखाली पाहिली. सगळे म्हणायचे की बाबांनी काडतूस बसावं म्हणून नळी आतून कोरली, म्हणून ती कमजोर झाली. साफ खोटं! कानस लागल्याची एक रेघ नाही. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी आहे, काळ्या दारूच्या जमान्यातली. काळ्या दारूवर आणखी शंभर वर्षं चालली असती. नव्या दारूचा जोर तिला सोसला नाही, एवढंच. नव्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर ठसा असतो, तो हिच्यावर नाही. मला हे चौदाव्या वर्षी ठाऊक होतं, बाबांनीच शिकवलं होतं. मग बाबांनी त्या दिवशी पशुवैद्यांना नवी काडतुसं दिलीच कशी? हे मला चाळीस वर्षं छळतंय.

तू तेव्हा शहरात नोकरीला होतास, तुला ते दिवस बघावे लागले नाहीत. मी बघितले. बाबांचा परवाना गेला, आणि बंदुकीचे नाजूक चाप बसवणारा माणूस गोदामाच्या फाटकावर रखवालदार म्हणून शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहायचा. शाळेतून येताना मी त्या रस्त्याने यायची नाही. मला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते. ते एकदाही कुणाला दोष देऊन बोलले नाहीत. जेवायचे, शिट्टी घ्यायचे, जायचे.

जाऊ दे. जाहिरात तुला पाठवते. खळ घट्ट बसली आहे, किटलीच्या वाफेवर धरून सोडवावी लागेल. पण एकदा पुन्हा सांग, तुझी खात्री आहे ना?

तुझी ठकी

---

३० जानेवारी

ठकी,

वाफ अजिबात देऊ नकोस. कागद जाईल. हातसुद्धा लावू नकोस. मी रविवारी स्वतः येतो आणि झाकणासकट घेऊन जातो.

खात्री आहे.

दादा

---

१० फेब्रुवारी

दादा,

तू आलास, बरं वाटलं. सहा वर्षांनी आलास आणि तीन तासांत गेलास, तरी बरंच वाटलं. झाकण न्यायला दिलं नाही म्हणून चिडलास. पण पशुवैद्यांच्या मुलीला न विचारता पेटी मोडायची कशी? ती म्हणाली असती, बापाने हात घेतला आणि लेकीने झाकण.

तू गेल्यावर मात्र मला राहवलं नाही. तू नको म्हटलेलं मी कधी ऐकलंय? किटली ठेवली आणि एक कोपरा सोडवला. अगदी बोटभर. कागद गेला नाही, तुझी शपथ. मागच्या बाजूला एक छोटी बातमी आहे. 'नव्या पुलाचं उद्घाटन पुढील महिन्याच्या दहा तारखेस.' पूल सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. शाळेने आम्हाला पुलावरून चालत नेलं होतं, माझी चप्पल तुटली होती. अपघात त्यानंतर पाच महिन्यांनी झाला.

म्हणजे जाहिरात अपघाताच्या आधीची आहे. दादा, तुझी चूक झाली!

आनंदाने मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. मग बसले, आणि बसल्यावर डोकं चालायला लागलं. तू आलास तेव्हा त्या बंदुकीकडे पाहिलंही नाहीस. बापाला बुडवणारी बंदूक समोर, आणि तू नजर वळवून चहा मागितलास. मी किल्ली शोधत होते, पेटी बंद होती, तेव्हा तू आपल्याशीच म्हणालास, "नळीवर ठसा शोधत बसू नका, घोडा चढवा." मला वाटलं, कुठलीतरी तुझी जाहिरात असेल. नंतर वाचलं. ती याच जाहिरातीत अगदी तळाला आहे, बारीक अक्षरांत. मी तुला पत्रात ती ओळ लिहिली नव्हती. तारीख चुकणाऱ्या माणसाला तळाची बारीक ओळ मात्र तोंडपाठ कशी?

हे काय आहे ते सांग. उगाच काहीतरी मनात येतं.

ठकी

---

२० फेब्रुवारी

दादा,

दहा दिवस झाले. टपाल चार दिवसांत पोचतं. तू आजारी असतास तर वहिनीने कळवलं असतं.

ठकी

---

२८ फेब्रुवारी

ठकी,

ही माझी पाचवी चिठ्ठी. आधीच्या चार फाडल्या.

ती जाहिरात मी लिहिली.

काडतुसं विकणाऱ्या पेढीत मी कारकून म्हणून लागलो होतो हे तुला ठाऊक आहे. घरी मी सांगितलं होतं की हिशेबाला बसतो. चार महिन्यांतच त्यांनी मला जाहिराती लिहायला बसवलं, कारण माझी भाषा बरी होती. ती माझी पहिली अख्ख्या पानाची जाहिरात. पेढीच्या म्हाताऱ्या तपासनिसाने मजकूर दिला होता, त्यात एक वाक्य होतं, 'ज्या नळीवर नव्या दारूचा ठसा आहे तिलाच ही काडतुसं वापरावीत.' पानावर ते बसत नव्हतं. एकतर बंदुकीचं चित्र दस्त्यापाशी कापायचं, नाहीतर ते वाक्य. चित्र तोडलं असतं तर फार वाईट दिसलं असतं, ठकी. मी वाक्य काढलं. तळाला थोडी जागा उरली म्हणून ती ठशाची ओळ टाकली. मला ती खटकेबाज वाटली. सगळ्यांनाच वाटली. साहेबांनी पाठ थोपटली.

मी ते पान बाबांना पाठवलं. 'बाबा, यातला शब्दन्शब्द माझा' असं वर लिहून. त्यांनी उलट टपाली विचारलं की ठसा नसला तरी खरंच चालेल का, तपासनिसांना विचारून कळव. तपासनीस दोन मजले वर बसायचे. मी विचारलं नाही. 'खुशाल वापरा' असं लिहून पाठवलं. बाबा कुणाचं ऐकणारे नव्हते, पण मुलगा मोठ्या पेढीत आहे, त्याला कळतं, असं त्यांना वाटलं असणार.

अपघातानंतर चौकशी लागली. पहिल्या दिवसाची हकीकत पेढीला त्याच दुपारी तारेने कळली, तसा मी रात्री घरी आलो. तुला आठवत असेल, एक रात्र राहिलो होतो. बाबा सकाळी दाढी करत होते तेव्हा त्यांच्या कपाटातून ते पान आणि माझं पत्र घेतलं आणि पहिल्या गाडीने गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कागद नव्हता, म्हणून त्यांना माघार घ्यावी लागली. मी पान नेलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढं एक तरी बरं झालं असं मी मानत आलो.

ती जाहिरात एकाच अंकात आली होती, अपघातानंतर पेढीने ती पुन्हा छापली नाही. पण तो अंक लोकांच्या घरात होता. मी तो शोधायला लागलो. रद्दीवाल्यांकडे, जुन्या वाचनालयांत, लिलावात. एकाच अंकाची चौकशी केली तर लोकांना संशय येतो, म्हणून बाकीच्या जाहिरातीही घेत गेलो. पुढे लोक मला संग्राहक म्हणू लागले. माझ्याकडे त्या पानाच्या एकतीस प्रती आहेत, सगळ्या कुलपात. प्रदर्शनात ते पान नाही.

तू जाहिरात सुनावणीत दाखव. मी अडवत नाही. पण लिहिणारा कोण ते सांगू नकोस, एवढी एकच मागणी आहे. पेढी केव्हाच बंद झाली, कागदपत्रं राहिलेली नाहीत, कुणालाही कळणार नाही. तेवीस वर्षांचा होतो मी. बाबा असते तर त्यांनी माफ केलं असतं.

दादा

---

२२ मार्च

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी हे सांगते की तुझं पत्र वाचून मला रडू आलं नाही. संताप आला. चौदा वर्षांची पोरगी बापाला टाळायला लांबच्या रस्त्याने घरी जायची, आणि तू इकडे कात्रणं जमवत होतास! तुझ्या त्या संग्रहाला पुरस्कार मिळाला तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटावेत तसं सांगत फिरले होते. मूर्ख मी.

सुनावणीला त्या अधिकाऱ्यांनी बाबांची फाइल माझ्यापुढे सरकवली. तरुण माणूस आहे, पण अदबीने बोलला. म्हणाला, "दुसऱ्या दिवसाचा जबाब वाचा. तुमच्या वडिलांनी सगळं स्वतःवर घेतलंय, मी काय करू?" मी वाचला. बाबांची सही ओळखली. खालची ओळन्ओळ उतरवून आणली आहे, तुझ्यासाठी.

त्या दिवशी पशुवैद्य स्वतः आले होते, हात बांधलेला. ते म्हणाले, 'दुकानदार काल सांगत होते ती जाहिरात माझ्या पेटीच्या झाकणाला चिकटवलेली आहे. पेटी बाहेर गाडीत आहे, आत्ता आणून दाखवतो.'

चौकशी अधिकाऱ्यांनी बाबांना विचारलं, 'पेटी मागवू का?'

उत्तर : नको. जाहिरातीचा संबंध नाही.

प्रश्न : काल तुम्ही तिच्यावरच बोट ठेवलं होतं.

उत्तर : काल मी घाबरून बोललो.

प्रश्न : काडतुसं देण्याआधी कुणाला विचारलं होतं का?

उत्तर : कुणाला नाही. माझ्या डोक्याने केलं.

प्रश्न : ही जाहिरात कुणी लिहिली, ठाऊक आहे?

उत्तर : नाही.

कळलं का तुला? पुरावा दाराबाहेर गाडीत होता. कुणीतरी उठून आणायचा, एवढंच बाकी होतं. तू पान नेलंस काय आणि न नेलंस काय, काही फरक पडत नव्हता. आणि त्यांना कळलं नव्हतं म्हणतोस? एका रात्रीसाठी घरी आलेला मुलगा आपल्याशी एक शब्द न बोलता जातो, आणि मागोमाग कपाटातलं पान नाहीसं होतं. बंदुकीत कुठला खिळा सैल आहे ते आवाजावरून ओळखणारा माणूस होता तो. त्यांना त्या सकाळीच कळलं. दाढी करून, कपडे घालून ते गेले आणि तुला वाचवून आले. मग सतरा वर्षं फाटकावर उभे राहिले. आणि तू त्यांच्या माफीच्या भरवशावर मला गप्प राहायला सांगतोस.

मी पेटी टेबलावर ठेवली. झाकण उघडलं, सोडवलेला कोपरा वर करून मागची बातमी दाखवली. नळीत कानस लागलेली नाही हे भिंगातून दाखवलं. अधिकाऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "जाहिरात खरी आहे. पण तुमचे वडील म्हणतात, कुणाला विचारलं नाही. म्हणजे दोष अर्धा तरी त्यांच्याकडे राहतो." मग त्यांनी विचारलं, "ही जाहिरात कुणी लिहिली, तुम्हाला ठाऊक आहे का?"

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. खोटं कशाला बोलू, मी घुटमळले. पुलावर माझी चप्पल तुटली तेव्हा तू शहरातून नवी आणून दिली होतीस ते आठवलं. बाबांनी 'नाही' म्हटलं ते याच खोलीत, बहुधा याच खुर्चीवर बसून, हेही आठवलं. त्यांनी म्हटलं ते मला म्हणता येईना.

मी म्हणाले, "ठाऊक आहे. माझ्या सख्ख्या भावाने." आणि पत्र काढून दिलं.

बाबांच्या फाइलवरचा शेरा रद्द झालाय. परवाना माझ्या नावावर होईल, पाटीवर बाबांचं नाव लावायलाही परवानगी आहे. तुला पुढल्या आठवड्यात जबाबासाठी बोलावणं येईल. ये. सोबत त्या एकतीस प्रती आण, त्यांना हव्या आहेत. स्टेशनजवळ राहायची सोय आहे, माझ्याकडे उतरू नकोस.

ठकी